हादऱ्यानंतरचं हृदय

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून आलेली माणसं गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीच्या माळवदाचं ओझं, अशी इकडची घरं. किल्लारीखालची जमीन हलली आणि ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर जिल्ह्यातली गावं गेली, तशी उमरगा तालुक्यातलीही गेली. सास्तूर, होळी हा भाग आज लोहारा तालुक्यात मोडतो. तेव्हा तो उमरग्याचाच होता. सुमारे १०,००० माणसं मेली, ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली.

त्या पहाटेच्या भूगर्भाबद्दल, मदतीबद्दल, पुनर्वसनाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांच्या हृदयाबद्दल. उमरग्याच्या भागात कुणी पन्नाशीत अचानक गेलं की दोन कारणं हमखास कानावर येतात. ‘धसका घेतला होता त्यानं’, नाहीतर ‘स्वभावच तापट होता’. गेल्या साठ-सत्तर वर्षांत वैद्यकशास्त्रानं ही दोन्ही कारणं कसून तपासली आहेत. धसक्याची गोष्ट बरीचशी खरी निघाली. स्वभावाची गोष्ट पुष्कळ ढिली पडली. आणि त्या दोहोंपेक्षा वजनदार असं आणखी एक कारण हाती आलं, ज्याचं नाव मयताच्या घरी सहसा कुणी घेत नाही.

आधी धसका.

किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी अमेरिकेत लॉस एंजलिसमधल्या नॉर्थरिजमध्ये भूकंप झाला. क्षमतेनं तो किल्लारीपेक्षा मोठा होता, ६.७ चा. पण तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, त्यामुळे मृतांचा आकडा साठच्या आसपास राहिला. छपराखाली फारशी माणसं चिरडली गेली नाहीत, म्हणूनच तिथे एक वेगळी मोजणी शक्य झाली. जोनाथन लिओर आणि रॉबर्ट क्लोनर या हृदयतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह लॉस एंजलिस काउंटीतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. आधीच्या आठवड्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानं अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. त्यातले १६ जण पहिल्या धक्क्यानंतर तासाभरातच गेले किंवा त्यांच्या छातीत तेव्हाच दुखू लागलं. धावपळ करताना, काही ओढताना-उचलताना कोसळलेले फक्त तीन. बाकीच्यांना भीतीनंच नेलं.

पण त्याच अभ्यासात एक आकडा आणखी आहे, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. पुढच्या सहा दिवसांत असे मृत्यू नेहमीपेक्षा कमी झाले, दिवसाला २.७. याचा अर्थ, त्या पहाटे जे गेले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तवाहिन्या आधीच आतून अरुंद झालेल्या होत्या. एरवी ते काही दिवसांनी, महिन्यांनी गेले असते. भीतीनं ती तारीख अलीकडे ओढली. एकटी भीती निरोगी माणसाचं हृदय सहसा बंद पाडत नाही. आजारी हृदयाला ती वेळ देत नाही.

हे घडतं कसं? मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं काम. विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आत तो इशारा देतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून ॲड्रेनलीन रक्तात उतरतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात. वाघ समोर असता तर हे सगळं उपयोगाचं ठरलं असतं: स्नायूंना जादा रक्त आणि जखम झालीच तर लवकर गोठण. पण कोरोनरी रक्तवाहिनीच्या भिंतीवर चरबीची गाठ बसली असेल, तर तीच वाहिनी ॲड्रेनलीननं रुंद होण्याऐवजी आवळते. चढलेल्या दाबानं गाठीचं आवरण फाटतं, तिथे गुठळी धरते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. पहाटेपासून दुपारपर्यंतचा वेळ तसाही हृदयविकाराच्या झटक्यांचा असतो, कारण जागं होताना शरीर रक्तदाब आपणहून वर नेतं. त्या चढावर भूकंप आला की दोन लाटा एकमेकींवर येतात.

१७ जानेवारी १९९५ ला जपानच्या कोबे आणि आवाजी भागात पहाटेच भूकंप झाला, तेव्हा काझुओमी कारिओ हे डॉक्टर आवाजी बेटावर रुग्ण तपासत होते. त्यांच्याकडे आपल्या रुग्णांच्या भूकंपाआधीच्या रक्तदाबाच्या नोंदी होत्या, ही फार दुर्मीळ गोष्ट. भूकंपानंतर रक्तदाब चढले, रक्त दाट झालं, गुठळ्या धरण्याची प्रवृत्ती वाढली. बहुतेकांचा दाब तीन ते पाच आठवड्यांत मूळ जागी आला. ज्यांच्या मूत्रपिंडांना आधीच इजा होती, त्यांचा मात्र दोन महिन्यांनंतरही वरच राहिला.

जपाननंच जगाला आणखी एक आजार दाखवला. १९९० मध्ये हिरोशिमाच्या हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, की ज्यांना झटक्याची सगळी लक्षणं होती, कार्डिओग्रामही तसाच होता, पण अँजिओग्राफीत एकही वाहिनी बंद सापडली नाही. हृदयाचा डावा कप्पा मात्र तळाशी फुगून लुळा पडलेला. त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसला, म्हणून त्या मडक्याचंच नाव आजाराला मिळालं: ताकोत्सुबो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांचा अभ्यास केला. कुणाच्या घरी मृत्यू झालेला, कुणाला मोठी भीती बसलेली. त्यांच्यातल्या ज्यांचं रक्त तपासलं, त्यांच्यात ॲड्रेनलीनच्या घराण्यातली द्रव्यं नेहमीच्या झटक्याच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट जास्त होती. हा आजार दहातल्या नऊ वेळा पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो, आणि सांभाळून उपचार केले तर बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. २००४ मध्ये जपानच्या निइगाता भागात आणि २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंपानंतर अशा स्त्रिया एकामागोमाग रुग्णालयात आल्या. ‘बाईला धसक्यानं काही होत नाही, नाटक करते’ असं म्हणणाऱ्यानं हे चित्र एकदा पाहावं.

हे झालं काही तासांचं, फार तर काही आठवड्यांचं. किल्लारी-सास्तूरच्या माणसांसाठी भूकंप त्या पहाटेपुरता नव्हता. १९९२ च्या ऑक्टोबरातच तिथली जमीन छोट्या धक्क्यांनी हलत होती; म्हणजे भीती वर्षभर आधी घरात आलेली. भूकंपानंतर धक्के येत राहिले, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि ज्या घरातून चार माणसं गेली तिथे उरलेल्यानं पाचव्यासाठी चूल पेटवायची होती. या माणसांच्या मनाचं काय झालं, याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झाला. त्याच्या प्रमुख संशोधकांत डॉ. मोहन आगाशे होते. महाराष्ट्र त्यांना रंगभूमीवर ओळखतो, पण ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे मनोविकारतज्ज्ञ आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक होते. भूकंपानंतरच्या मनाच्या आजारांकडे पाहणारं काम त्या काळी आपल्याकडे विरळच.

दीर्घकाळात हृदयाचं काय होतं ते आर्मेनियानं मोजलं. ७ डिसेंबर १९८८ ला तिथे मोठा भूकंप झाला. आरोग्य खात्याचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा सुमारे ३५,००० लोकांवर संशोधकांनी पुढची चार वर्षं लक्ष ठेवलं. मृत्यू, विशेषतः हृदयविकाराचे, पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त झाले. आणि ज्यांचं घर-माणसांचं नुकसान जितकं मोठं, तितका त्यांना पुढे हृदयविकार जडण्याचा धोका मोठा. भूकंपाशिवायही हेच दिसतं. ब्रिटनमध्ये १९६९ साली ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त, आणि त्यातला मोठा वाटा हृदयाचा. जोडीदार जातो तेव्हा आपण तेराव्यापर्यंत माणसाभोवती असतो. मागे राहिलेल्याचं हृदय मात्र त्यानंतरही कित्येक महिने नाजूक असतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची रक्तदाबाची गोळी चुकते, जेवण उरतं, झोप उडते.

किल्लारीच्या भूकंपाला महिना व्हायच्या आत, ऑक्टोबर १९९३ मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांचा शोधनिबंध आला. झटका येऊन वाचलेल्या २२२ रुग्णांत जे तीव्र उदासीनं, म्हणजे डिप्रेशननं, ग्रासले होते त्यांचा सहा महिन्यांत मरण्याचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त होता. हृदयाची इजा किती हे हिशेबात धरूनही धोका उरलाच. त्यानंतर उदासी ही हृदयाची शत्रू म्हणून गंभीरपणे घेतली जाऊ लागली.

आता स्वभावाकडे येऊ.

१९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन यांचा हृदयरुग्णांचा दवाखाना होता. खुर्च्यांची गादी दुरुस्त करायला आलेल्या कारागिरानं विचारलं, तुमच्याकडच्या खुर्च्या पुढच्या कडेलाच का झिजतात? रुग्ण टेकून बसतच नव्हते; उठायच्या तयारीत, कडेवर बसत. पुढे या दोघांनी अशा माणसाला ‘टाइप ए’ म्हटलं: सतत घाईत, चढाओढीत, चिडका. ३,१५४ पुरुषांवर त्यांनी साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं आणि टाइप ए माणसांत हृदयविकार दुपटीनं जास्त निघाला. कल्पना जगभर गेली. मराठी मासिकांतही आली, आणि ‘तुमचा स्वभाव कोणता’ अशा चाचण्या दवाखान्याच्या बाकांवर भरल्या गेल्या.

मग ती डळमळली. नंतरचे अभ्यास तोच निष्कर्ष देईनात. १९८८ मध्ये तर त्याच ३,१५४ जणांपैकी ज्यांना झटका येऊन गेला होता त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा टाइप ए माणसं इतरांपेक्षा जास्त जगत होती असं दिसलं. घाई आणि महत्त्वाकांक्षा हृदयाला मारत नाहीत, एवढं तेव्हा कळलं. शिवाय तंबाखू कंपन्यांची जुनी कागदपत्रं उघड झाल्यावर दिसलं, की टाइप ए संशोधनाला त्यांनी बरीच वर्षं पैसा पुरवला होता. त्यांना हवं होतं ते सोपं होतं: दोष सिगारेटचा नको, माणसाच्या स्वभावाचा असू दे. आजही तंबाखूची पुडी खिशात ठेवून ‘मला टेन्शनमुळे अटॅक आला’ म्हणणाऱ्या माणसाकडे पाहिलं की मला त्या कंपन्यांचा डाव किती दूरवर पोचला ते जाणवतं, आणि राग येतो.

टाइप एच्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट मात्र शाबूत निघाली: राग, आणि त्याहून जास्त, मनात धरून ठेवलेलं वैर. लोक मुळात वाईटच असतात, प्रत्येक जण आपल्याला फसवायला टपलाय, असं धरून चालणाऱ्या माणसांत हृदयविकार जास्त आढळतो. रागाच्या एका उद्रेकाचंही मोजमाप झालं आहे. त्यानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका वाढतो. १९९५ च्या मरे मिटलमन यांच्या अभ्यासात तो दुपटीहून थोडा जास्त निघाला. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २८० निरोगी माणसांपैकी काहींना आठ मिनिटं राग आणणारी आठवण काढायला लावली. त्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंद होण्याची ताकद घटली आणि ती पुढे चाळीस मिनिटांपर्यंत घटलेली राहिली. एका रागानं कुणी मरत नाही. पण बांधाच्या भांडणाची केस वीस वर्षं कोर्टात चालवणाऱ्या दोन भावांनी आपापल्या रक्तवाहिन्यांवर अशी चाळीस-चाळीस मिनिटं किती वेळा लादली असतील? जॉन हंटर हा अठराव्या शतकातला लंडनचा थोर शल्यविशारद. त्याला छातीत कळ यायची आणि वादानं ती वाढते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि तो तिथेच गेला.

आनंदी स्वभावाची माणसं जास्त जगतात, ही समजूतही तपासून पाहावी अशी आहे. कॅलिफोर्नियात १९२१ पासून सुमारे दीड हजार हुशार मुलांच्या आयुष्याची नोंद ठेवली गेली. लुईस टर्मन यांनी सुरू केलेलं हे काम. पुढे हॉवर्ड फ्रीडमन यांनी त्यांच्यातले कोण किती जगले ते पाहिलं. लहानपणी सर्वांत हसरी, विनोदी असलेली मुलं सरासरीनं कमी जगली. जास्त जगली ती नेटकी, जबाबदार, शब्द पाळणारी मुलं. कारण शोधायला लांब जायला नको. असा माणूस गोळ्या वेळेवर घेतो, दारूत वाहवत नाही, गाडी सांभाळून चालवतो, संसार आणि मैत्री टिकवतो. म्हणजे स्वभाव हृदयापर्यंत पोचतो तो बहुतांशी सवयींच्या वाटेनं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो स्त्रियांच्या अभ्यासातही दिसलं, की आजारपण, धूम्रपान वगैरे हिशेबात धरलं तर ‘मी सुखी आहे’ म्हणणाऱ्या आणि न म्हणणाऱ्या स्त्रियांच्या मृत्युदरात फरक उरत नाही. तेव्हा अबोल, गंभीर माणसाला ‘हसत राहा, नाहीतर अटॅक येईल’ असा दम देऊ नये.

मग ते राहिलेलं कारण कोणतं?

१९६७ पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुषांचा अभ्यास झाला. व्हाइटहॉल नावानं तो ओळखला जातो. मायकेल मार्मट यांनी तो पुढे नेला. सगळ्यांची समजूत अशी की साहेबाला ताण, साहेबाला झटका. निघालं उलटं. सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपाई, दरवान वर्गात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त होतं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्यातल्या निम्म्याचाही खुलासा होईना. १९८५ पासून दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला आणि त्यात खुलाशाचा एक मोठा तुकडा मिळाला: आपल्या कामावर आपला ताबा किती. काम भरपूर आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशी ज्यांची गत, त्यांचं हृदय लवकर थकतं. जर्मनीचे योहानेस सीग्रिस्ट यांनी त्यात भर घातली, की झटून केलेल्या मेहनतीचं मोल मिळत नसेल तर तेही हृदयाला भोवतं.

कचेरीचे हे निष्कर्ष उमरग्याच्या काळ्या रानात आणून ठेवले की चित्र अंगावर येतं. पेरणी कधी, ते पाऊस ठरवतो. तो दडी मारून बसला की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं-खताची दुसरी उधारी. काढणीला आलेल्या सोयाबीनवर परतीचा पाऊस. राहिलं ते मोंढ्यावर नेलं तर भाव दुसरे ठरवणार. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार बरेच दिवस त्याच्या खालीच होता. पीकविम्याचा निर्णय आणखी कुठे. या माणसाच्या हातात मेहनतीखेरीज काय आहे? आणि त्याच्या घरातल्या बाईच्या हातात त्याहूनही कमी: कर्ज तिनं काढलेलं नसतं, पण सावकार दारात आला की उत्तर तिला द्यावं लागतं. एका पहाटेत येऊन जाणारा हा हादरा नव्हे, दर हंगामाला परत येणारा आहे. माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या भागातल्या हृदयविकाराचा विचार स्वभावापेक्षा या बेभरवशी जिण्याच्या अंगानं जास्त व्हायला हवा. ‘तापट होता’ म्हटलं की दोष मेलेल्याच्या माथी जातो आणि बाकी सगळे सुटतात.

ताण असा मुरतो कसा, याचा एक दुवा २०१७ मध्ये बोस्टनमध्ये सापडला. अहमद तवाकोल आणि सहकाऱ्यांनी २९३ जणांचे विशेष स्कॅन तपासले. ज्यांचा अमिग्डाला जास्त चेतलेला होता त्यांच्या हाडांतली मज्जा जास्त काम करत होती, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाह जास्त होता. पुढच्या काही वर्षांत झटके आणि पक्षाघातही त्यांनाच जास्त आले. भीतीचं केंद्र जागं, तिथून मज्जेला निरोप, मज्जेतून दाह पेटवणाऱ्या पेशी, आणि त्या पेशी वाहिन्यांच्या भिंतीत. मनातली काळजी रक्तवाहिनीत शिरते ती या वाटेनं. सोबतीला कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक असतं: रात्री उतरायला हवं ते उतरत नाही, मग पोटाभोवती चरबी, रक्तात साखर आणि उडालेली झोप.

वय वाढणं म्हणजे हृदयापुरतं पाहिलं तर मुख्यतः वाहिन्यांचं ताठ होणं, आणि दाह त्याला वेग देतो. पेशींच्या आतही खुणा सापडतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात. पेशी दुभंगत जाते तशी ती झिजतात. त्यांच्यावरच्या कामासाठी २००९ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी २००४ मध्ये ५८ आयांचा अभ्यास केला. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या. ज्यांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता त्यांची टोपणं दहा वर्षं जास्त वय झाल्यासारखी आखूड होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा परिणाम खरा, पण बराच लहान निघाला, म्हणून दहा वर्षांचा आकडा जपून वापरावा. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं धीर दिला. खुब्याचं हाड मोडून तातडीनं शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचं जैविक वय त्या ताणानं वर गेलं आणि आठवड्याभरात परत खाली आलं. शरीर म्हातारं होतं ते एकाच दिशेनं नाही; ताण सरला की ते काही पावलं मागे येऊ शकतं.

आपल्याकडे हृदयविकार तुलनेनं लवकर गाठतो. ५२ देशांत झालेला, सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालचा इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये आला. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९ च्या जवळ. झटक्यांच्या ओझ्यातला सुमारे एक-तृतीयांश वाटा ताण, उदासी, ताबा नसणं अशा मनोसामाजिक घटकांशी जोडला गेला. १९९३ मध्ये जे मूल दहा वर्षांचं होतं आणि ज्यानं त्या पहाटे आई-वडील गमावले, ते आता या वयाकडे निघालं आहे. लहानपणी मोठा आघात सोसलेल्यांत पुढे हृदयविकार जास्त आढळतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. म्हणून या पिढीनं चाळिशीतच रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं असं मला तळमळीनं वाटतं. त्यांचं भविष्य ठरून गेलंय असं मुळीच नाही. भारतीय जैन संघटनेनं त्यांच्यातल्या सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवलं, वाढवलं. आघातानंतर हाताला धरणारं माणूस आणि शाळा मिळणं, हेही हृदयाच्या बाजूचंच वजन आहे.

माणसांचा सहवास हे औषध म्हणायला कुणी कचरेल, पण आकडे भक्कम आहेत. जुलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी १४८ अभ्यास, ३ लाखांहून अधिक माणसं एकत्र पाहिली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. भूकंपानंतर नवी गावं आखली गेली ती सरळ रस्त्यांची, सुटी सुटी. भिंतीला भिंत लागलेली जुनी आळी, पार, ओट्यावरची बैठक यांना त्या नकाशात जागा नव्हती. सुरक्षित घर हवंच होतं. पण हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतरही हवं होतं, आणि पुढच्या कुठल्याही पुनर्वसनात ते मोजलं जावं. हरिनाम सप्ताहात म्हातारी माणसं एकत्र बसतात, तिथे सहवास तर असतोच, श्वासही लांबतो. इटलीच्या लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की जपमाळ किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहापर्यंत उतरतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चपळ होते.

उपायांच्या बाबतीत खोटी आशा मला द्यायची नाही. २००३ मध्ये अमेरिकेत झटक्यानंतरच्या उदास रुग्णांना समुपदेशन देऊन पाहिलं. उदासी कमी झाली, एकटेपणा कमी झाला. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणून ध्यान, भजन, समुपदेशन यांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि उलट चूकही आपल्याकडे रोज होते. बाईच्या छातीत, जबड्यात, पाठीत दुखतं, घाम फुटतो, मळमळतं. घरचे म्हणतात गॅस झालाय, टेन्शन घेतलंय. टेन्शन आहे की झटका, हे घरात बसून कुणालाही सांगता येत नाही. आधी १०८, आधी उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात कार्डिओग्राम, मग बाकीची चर्चा. अँजिओप्लास्टीसाठी सोलापूर, लातूर गाठायचं तर रस्त्यावर वेळ जातोच. तो घरात घालवायला उरत नाही.

मनाचं काम मात्र त्याआधी सुरू करता येतं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागानं ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यातल्या १४ जिल्ह्यांत उमरग्याचा धाराशिव जिल्हाही आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून, फुकट, रात्रीही बोलता येतं. आणि तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात, कशातही रस वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटतं का? उत्तरांना गुण आहेत, आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. हे दोन प्रश्न उंबऱ्यात उभ्यानं, सासू-सुनेच्या गर्दीत विचारले तर उत्तर ‘काही नाही, बरं आहे’ असंच येणार. आशाताईंना घरात बसायला पाट द्यावा, बाकीच्यांनी थोडा वेळ अंगणात जावं, आणि त्याच बैठकीत रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून आकडा फॉर्मवर लिहून घ्यावा. पेरणीआधी एकदा आणि सोयाबीन विकून झाल्यावर एकदा.